श्रावण पाळायचाय, तर गटारीच्या आधी डॉक्टरकडे जा

प्रिय बाय,

मालवणजवळच्या वाडीतून आलेलं तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नवरा मच्छीमार, वय 44. रोज एक क्वार्टर, आणि पावसाळ्याच्या बंदीत होडी वर ओढली की दोन. गेल्या वर्षी गटारीनंतर श्रावण पाळायचा म्हणून त्याने एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले, अंथरूण घामाने भिजलं, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. सासूबाईंनी देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि दिराने दोन घोट पाजल्यावर तो शांत झाला. यंदा शेजारणीने चहात गुपचूप घालायला दारू सोडवायची पुडी दिलीय. घालू का, असं विचारतेस.

नको घालू. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं औषध देतात. ते पोटात असताना वर दारू प्यायली, तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. आणि बिननावाच्या पुडीत तेच आहे की आणखी काही, हे तुला कोण सांगणार?

आता ती तिसरी रात्र. ते बाहेरचं नव्हतं गो. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू अचानक थांबली की तो जोर तसाच उरतो. पहिल्या दिवसातच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमतो, नसलेलं बघतो. उपचार नसतील तर यात माणसं दगावतात. दोन घोटांनी तो शांत झाला, कारण मेंदूला हवी ती दारू परत मिळाली. त्याची इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणू नकोस, त्याने खरंच प्रयत्न केला होता.

एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम संपवतं. म्हणजे रात्री दहाला प्यायलेली पहाटे चारला होडी लोटताना अजून रक्तात असू शकते. दारूने ऊब येते म्हणतात, तेही फसवं. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

तो सकाळी शुद्धीत असताना बोल. पुडीचं नाही, त्या रात्री तू किती घाबरलीस ते सांग. मग गटारीच्या आधीच त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन जा. रोज किती पितो ते लाज न धरता खरं सांगा. थरथर आणि झटके टाळायला ते काही दिवसांची औषधं देतील, शिवाय बी-1 जीवनसत्त्व, कारण ते कमी पडलं तर स्मरणशक्ती आणि चाल बिघडते. यकृताचीही तपासणी करून घ्या. नुसती चरबी साचली असेल तर दारू सुटल्यावर ती बऱ्याचदा उतरते, सिरोसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, मात्र सहसा मागे फिरत नाही. जाण्याआधी बोलावंसं वाटलं तर 14416 वर फोन कर, ही टेलीमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची, मोफत सेवा आहे.

शेवटी तू लिहिलंयस, ‘माझंच काही चुकत असेल.’ त्याची दारू तुझ्यामुळे नाही.

सासूबाईंना गाऱ्हाणं घालायचं तर घालू देत, त्यावरून भांडू नकोस. फक्त त्यांना आणि दिराला आधीच सांगून ठेव, की तो भ्रमू लागला किंवा झटका आला, तर कुणी घोट पाजत बसायचं नाही, 108 ला फोन लावायचा.