चार वर्ग, एक विषय

मॅडम, द्विशिक्षकी शाळा मिळाली, दोघांत चार वर्ग आले, म्हणून घाबरू नका. विषय एकच घ्या, काम वेगवेगळं द्या. मी दर वर्षी आठवडी बाजारापासून सुरुवात करते. पहिली-दुसरीची पोरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावतात, तिसरीवाले भाजीचा हिशोब लिहितात. चौथीला तराजू करायला द्यायचा: हँगर, दोन करवंट्या, सुतळी. करवंट्या सारख्या वजनाच्या नसतातच, त्यामुळे तराजू एका बाजूला कलतो. लगेच दुरुस्त करून देऊ नका! मागे एका पोरीने हलक्या करवंटीत चार चिंचोके टाकून तो सरळ केला. मग ते चिंचोके मालात धरायचे की नाही, यावर वर्ग अर्धा तास भांडत होता. त्या दिवशी माझा पुढचा तास बुडाला, बुडू दिला.

वाचायला ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक आहेत, १९७१ पासूनचे, बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. पहिलीला ते जड जातात. त्यांना नुसती चित्रं दाखवून बोलतं करा. पुढे सहावी-सातवी मिळाली तर अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली विज्ञान-खेळणी बघा. व्हिडिओ मात्र आदल्या रात्री घरीच डाउनलोड करा, शाळेतल्या रेंजचा काही भरवसा नसतो.