मस्जिद कुबा: बसमधून उतरून वीस मिनिटांत उरकू नका

ताई, तुम्ही विचारलंय की मदिन्यात चारच दिवस आहेत, ग्रुपच्या जियारतच्या (पवित्र ठिकाणं दाखवणाऱ्या) बसमध्ये मस्जिद कुबा आहेच तर परत वेगळं जायची गरज आहे का, अब्बांचे गुडघे दुखतात तर जमेल का, आणि तिथे एहराम (हज-उमराहसाठीचा खास पोशाख) लागतो का. शेवटचं आधी सांगतो, एहराम वगैरे काही नाही, नेहमीचे स्वच्छ कपडे. परमिटही लागत नाही, मदिन्यात नुसुक या सरकारी ॲपची भानगड फक्त रौजासाठी (मस्जिद-ए-नबवी या मदिन्याच्या मुख्य मस्जिदीतली, पैगंबरांच्या कबरीजवळची जागा) आहे. आणि वेगळं जायची गरज आहे का, तर माझ्या मते हो, जायलाच पाहिजे, का ते सांगतो.

मी तीनदा गेलोय. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच बसमधून गेलो. ड्रायव्हरनं कुबाला वीस मिनिटं दिली आणि नंतर खजुराच्या एका दुकानापाशी पाऊण तास थांबला, आता ते का ते तुम्ही समजून घ्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) केलेलाच नव्हता, म्हणजे उतरल्या उतरल्या सगळे वुजूखान्याच्या लाइनीत. अम्मी बायकांच्या लाइनीत उभी, बाहेर हॉर्न वाजतोय, आणि तिचा नंबर आला तेव्हा आमच्या ग्रुपचा माणूस हाका मारायला लागला. तिनं दोन रकात (नमाजची आवर्तनं) कशाबशा पढल्या, दुआ मागायची राहूनच गेली. बसमध्ये बसल्यावर मोजे हातात घेऊन गप्प खिडकीबाहेर बघत होती ते अजून आठवतंय मला.

आणि गंमत म्हणजे त्या गडबडीत मुख्य गोष्टच हुकली होती. इब्ने माजा आणि नसाई या संग्रहांमध्ये हदीस (नबींचं वचन) आहे, जो आपल्या घरातून पाक होऊन निघाला आणि मस्जिद कुबाला येऊन नमाज पढला त्याला उमराहएवढा (मक्केच्या छोट्या यात्रेएवढा) सवाब, म्हणजे पुण्य. घरातून. म्हणजे वुजू हॉटेलच्या रूमवरच करून निघायचं. ही एवढीशी गोष्ट आम्हाला बसमध्ये कोणी सांगितली नाही, माइकवर बाकी बरंच काही सांगत होते. रस्त्यात वुजू मोडला तर मन खट्टू करू नका, तिथे सोय आहे, परत करा, बारकावे आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारा. आणि सवाब उमराहएवढा म्हणजे तुमच्यावरचा उमराह त्यानं फिटला असं नाही हं, काही जण तसं समजतात म्हणून सांगतोय.

दुसरं, शनिवार. बुखारी या हदीसच्या संग्रहात आहे की नबी (स.), म्हणजे मुहम्मद पैगंबर, दर शनिवारी कुबाला जायचे, कधी चालत, कधी सवारीवर, आणि दोन रकात पढायचे. तुमच्या चार दिवसांत शनिवार येतोय म्हणता, मग तो सोडूच नका. गर्दी असते हे खरं, कारण हीच सुन्नत (नबींचा रिवाज) सगळ्यांना माहीत असते आणि सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यामुळे तिथले लोकही मुलाबाळांसकट येतात. पण ती गर्दी बसवाली नसते, निवांत असते.

आम्ही दुसऱ्या वेळी असं केलं. फज्र (पहाटेची नमाज) मस्जिद-ए-नबवीत पढलो, रूमवर येऊन चहा, ताजा वुजू, आणि ऊन चढायच्या आत निघालो. दिशा सोपी आहे, मक्का मदिन्याच्या दक्षिणेला म्हणून किबला (नमाजची दिशा) दक्षिणेला, आणि कुबाही त्याच बाजूला. म्हणजे मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट ज्या बाजूला आहे त्या बाजूनं बाहेर पडायचं आणि सरळ. दोन्ही मस्जिदींना जोडणारा पायी चालायचा रस्ता केलाय, साधारण 3 किलोमीटर, गाड्यांचा त्रास नाही, बसायला जागा आहेत. आम्हाला अम्मीच्या चालीनं तासभर लागला. मधे एका बाकावर ती बसली तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं, कुठल्या देशाची ती काही कळलं नाही, पर्समधून खजूर काढून तिच्या हातावर ठेवला, एकमेकींची भाषा येत नव्हती पण दोघी पाच मिनिटं बोलत होत्या. अब्बांसाठी त्याच रस्त्यावर गोल्फ कार्ट असतात, टॅक्सी तर कुठूनही मिळते, फक्त भाडं बसायच्या आधी ठरवा नाहीतर ॲपवरून बोलवा. सवारीवर जाणं पण सुन्नतच आहे, हे अब्बांना आवर्जून सांगा म्हणजे "मी चालणारच" असा हट्ट धरणार नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर चालायचा विचारच सोडा, सकाळी नऊनंतर फरशी तापते, पारा 40 च्या वर सहज जातो.

वेळेचं एक बघा. फज्रनंतर सूर्य वर येईपर्यंत आणि असरनंतर (दुपारनंतरची नमाज) मगरिबपर्यंत (सूर्यास्ताची नमाज) नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज, पढत नाहीत, म्हणून सूर्योदयानंतर वीसेक मिनिटांनी पोचाल असा हिशोब धरा. तुम्ही शाफई पद्धत पाळणारे असाल (कोकणातले आपले बरेच जण असतात) तर मस्जिदीत शिरल्यावरच्या तहियतुल मस्जिद या दोन रकातच्या नमाजला त्या वेळांतही सूट आहे, हनफी पद्धतवाल्यांकडे नाही. ग्रुपमध्ये दोन्ही असले की यावरून दारातच चर्चा सुरू होते, आमच्यात झाली होती. सकाळ धरली की वादच मिटला.

आता तिथे काय बघायचं. बरेच जण जाऊन म्हणतात, अरे ही तर नवीन बिल्डिंग आहे. हो, नवीनच आहे. तुम्हाला दिसणारे पांढरे घुमट आणि चार मिनार 1986 च्या बांधकामातले, इजिप्तचे आर्किटेक्ट अब्देल-वाहिद अल-वकील यांनी केलेले, त्याआधी तिथे उस्मानी काळातली मस्जिद होती आणि त्याही आधी अनेकदा बांधून झालेली. 2022 मध्ये सौदी सरकारनं मोठं विस्तारीकरण जाहीर केलंय, 66,000 नमाजी मावतील एवढं, त्यामुळे दारं, रस्ते बदललेले असू शकतात. जुनी वीट शोधत बसाल तर निराश व्हाल. जुनी आहे ती जागा. 622 साली हिजरत करून नबी (स.) मक्क्याहून आले ते आधी इथे, बनू अम्र बिन औफ लोकांच्या वस्तीत. लोक रोज सकाळी काळ्या दगडांच्या माळावर येऊन वाट बघायचे आणि ऊन असह्य झालं की घरी परतायचे. ज्या दिवशी आले त्या दिवशीही लोक नुकतेच घरी गेले होते, एका यहुदी माणसाला गढीवरून पांढऱ्या कपड्यातली माणसं येताना दिसली आणि त्यानंच ओरडून सांगितलं. इथे मुक्काम झाला आणि इस्लाममधली ही पहिली मस्जिद उभी राहिली. मी अम्मीला हे चालता चालता सांगत होतो, पोचेपर्यंत तिला इमारत नवी की जुनी याचं काही राहिलंच नव्हतं. आतल्या चौकात दिवसा वरून कापडाचं छत असतं, तिथे सावलीत बसून घ्या थोडा वेळ.

बायकांचा भाग वेगळा आहे आणि दारही वेगळं. आत जायच्या आधी कुठे भेटायचं ते ठरवा, "दारापाशी" असं म्हणू नका, दारं बरीच आहेत. तिसऱ्या वेळी माझी मावशी फोन सायलेंटवर ठेवून एका दाराशी आणि आम्ही भलत्याच दाराशी, पाऊण तास. चपला पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. अब्बांसाठी घडीची खुर्ची न्यायची गरज मला तरी पडली नाही, आत खुर्च्या होत्या, पण शनिवारी लवकर भरतात.

ग्रुपवाल्याशी भांडू नका, बसनं जायचं तर जा, त्यात उहुदचा डोंगर, मस्जिद किबलतैन ही बाकीची ठिकाणं एका फेरीत होतात आणि तिथे टॅक्सी करून फिरणं अब्बांना जड जाईल. फक्त बसच्या दिवशीही रूमवरूनच वुजू करून निघा. आणि नुसुकवर रौजाची वेळ घेताना शनिवारची सकाळ घेऊ नका, आम्ही एकदा ती चूक केली आणि कुबाहून परतताना अर्धा रस्ता अम्मीला जवळजवळ ओढत आणली.