यंत्राशेजारी उभी राहा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पासबुक छापायचं यंत्र आल्यापासून शाखा गप्प झाली आहे आणि आपण तिथे कशाला बसतो तेच कळत नाही, असं तू लिहिलंस. त्यावर उत्तर देणं मला भाग आहे.

यंत्रांवर माझा राग नाही. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम सुरू झालं, तेव्हा आम्ही लोकांच्या हातात पितळी टोकन देऊन त्यांना बाकड्यावर ताटकळत ठेवत होतो. ती रांग कोणालाच परत नको आहे. पण रांगेबरोबर आणखी एक गोष्ट गेली. नोटा मोजता मोजता आमचं माणसाकडे लक्ष असायचं. दरमहा थोडेसेच पैसे काढणाऱ्या आजी एकदम मुदत ठेव मोडायला आल्या, तर "आजी, घरी सगळं बरं आहे ना?" हे तोंडातून निघायचंच. आज तर या प्रश्नाची गरज फार वाढली आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे तोतया पोलिसांनी फोनवरून केलेल्या खोट्या अटकेच्या, धाकाने आयुष्याची पुंजी पाठवायला निघालेले ज्येष्ठ बँकेतल्या कोणीतरी चौकशी केली म्हणून वाचले, अशा बातम्या आपण वाचतो. एका कानाला तोतया पोलीस आणि हातात ॲप, अशा वेळी मध्ये विचारणारं कोणी नसेल तर त्या माणसाने थांबावं कसं?

मुंबईच्या लोकल स्थानकांवर तिकिटांची यंत्रं लागली, तरी त्यांच्याशेजारी निवृत्त रेल्वे कर्मचारी कमिशनवर नेमावे लागलेच. यंत्र मोकळं असलं तरी लोक त्यांच्यापुढे उभे राहतात. मला यात लोकांचं अडाणीपण दिसत नाही.

म्हणून "काका, ते मशीनवर करा" असं खुर्चीतून बोट दाखवून सांगू नकोस. उठून सोबत जा. पासबुकाचं कोणतं पान उघडून आत सरकवायचं ते दाखव, पण बटण त्यांनाच दाबू दे. एटीएमपाशी पिन मोठ्याने सांगू लागले तर तिथेच अडव. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. तुझ्या शाखेत येणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक आहे, विचारून बघ. यात वेळ जातो अशी कुरबूर होईल. होऊ दे. यंत्राने वाचवलेला वेळ याच लोकांचा आहे.

आता नोव्हेंबर येईल. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजून गेलेत, त्यांची ही फार मोठी सोय आहे. त्यामुळे गर्दी कमी असेल. तू महिना संपण्याआधी ज्यांचा दाखला आलेला नाही त्यांची यादी काढ आणि एकेकाला फोन कर. कोणी गुडघेदुखीपासून नातवापर्यंत सगळं सांगत बसलं तर ऐकून घे. फोन लागलाच नाही, तर शाखेतल्या जुन्या शिपायाला विचार, त्याला बहुतेकांची घरं माहीत असतात.

तुझा,
एक निवृत्त कॅशियर