लाजाळू मिटलं, की मिटली?

प्रश्न दुहेरी आहे: ‘लाजाळू’ हे झाडाचं नाव नपुंसकलिंगी की स्त्रीलिंगी, आणि त्यातला ‘आळू’ म्हणजे वड्यांचं अळूच का?

वड्यांच्या अळूशी त्याचं काही नातं नाही. संस्कृतात ‘आलु’ प्रत्यय आहे. दयालु, निद्रालु, श्रद्धालु हे शब्द पाणिनीने त्यानेच साधले. मराठीने ‘ल’चा ‘ळ’ केला आणि तो प्रत्यय घरच्या शब्दांनाही चिकटवला: झोपाळू, विसराळू, लाजाळू. म्हणजे हे मुळात विशेषण, आणि तेही न बदलणारं. लाजरा मुलगा, लाजरी मुलगी, लाजरं पोर. लाजाळू मात्र तिघंही.

लिंगाचा घोळ इथूनच सुरू होतो. बोलणाऱ्याच्या मनात ‘झाड’ असेल तर लाजाळू मिटलं, ‘वनस्पती’ असेल तर मिटली. मी स्वतः ‘मिटलं’ म्हणतो, पण दुसऱ्याला चूक ठरवणार नाही. झाडाला ‘लाजरी’ म्हणत असाल तर प्रश्नच नाही, मिटलीच.

विशेषणावरून पडलेलं नाव एकाच झाडाला बांधून राहत नाही, हे मला जास्त गमतीचं वाटतं. वाटेच्या कडेला पसरणारं, गुलाबी गोंड्यांचं आपलं लाजाळू म्हणजे मिमोसा पुडिका. बोट लावलं की समोरासमोरच्या पत्त्या वर उचलून एकमेकींना चिकटतात, थेट जोडलेल्या हातांसारख्या, आणि मग अख्खा देठ खाली झुकतो. (उपटायला जा, मग काटे कळतात. लाजाळू कसलं!) वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली दिलेल्या नावातल्या ‘पुडिका’चा लॅटिन अर्थही लाजरीच. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘नमस्कारी’ नावाची वनस्पती आहे. नाव चपखल बसतं, पण मिमोसा पुडिका मूळची उष्ण अमेरिकेतली आणि अमरकोश कोलंबसाच्या कित्येक शतकं आधीचा. तेव्हा अमरसिंहाच्या डोळ्यांसमोर हे झाड असणं शक्य नाही. नाव आधीच तयार होतं, पाहुणं मागाहून आलं आणि त्यात जाऊन बसलं.

इथली जुनी स्पर्शलाजरी म्हणजे बायोफायटम. आंबुशीच्या कुळातली, पावसाळ्यात उगवणारी, इवल्या माडासारखी: सरळ दांडी, टोकाला पानांची छत्री, पिवळी फुलं. शिवलं की तिच्या पत्त्या वर जुळत नाहीत, खाली लवतात. मराठीत तिलाही लाजरीच म्हणतात.