जुन्या डिझेल जीपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोनदा पॅकिंग बदलूनही लीक होतोय. आता मॅनिफोल्डच बदलावा का?

लगेच बदलू नका. (मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला धूर एकत्र करून पुढे नेणारा, इंजिनाच्या हेडला जोडलेला भाग; पॅकिंग म्हणजे त्या जोडातली गॅस्केट.) गाडी 2006 ची, टर्बो डिझेल, साडेतीन लाख किलोमीटर झालेली, सकाळी थंड इंजिनावर टक-टक, गरम झाल्यावर आवाज निम्मा आणि चौथ्या सिलिंडरपाशी काजळी, असं तुम्ही लिहिलंय. यावरून मला मॅनिफोल्डपेक्षा स्टडचा, म्हणजे त्याला हेडवर धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या खिळीचा, संशय जास्त येतो. पॅकिंग आपणहून क्वचित जळतं. आधी कुठेतरी पकड ढिली पडते, तिथून गरम वायू निसटायला लागतो आणि तोच पॅकिंग खातो. मूळ ढिलेपणा तसाच ठेवून नवं पॅकिंग घातलं की तेही त्याच वाटेनं जातं.

पकड ढिली का पडते? भार घेऊन घाट चढताना डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट वायू 600 अंशांच्या घरात पोहोचतो, तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) मात्र कूलंटमुळे 100 च्या आसपास राहतं. मॅनिफोल्ड बिडाचा (कास्ट आयर्नचा) असतो, आणि अर्धा मीटर लांबीचं बीड 400 अंशांनी तापलं की दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं. हेड तेवढं वाढत नाही, म्हणजे मॅनिफोल्ड दर वेळी हेडवर सरकतो आणि थंड झाला की परत येतो. त्यासाठीच त्याची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. मधल्या स्टडना याचा फार त्रास होत नाही, टोकाच्या स्टडना होतो. तुमची काजळीही टोकालाच आहे, बघा. शेवटचा नट हाताला घट्ट लागला म्हणून फसू नका. स्टड आत तुटलेला असतो आणि गंजानं नुसता चिकटून बसलेला असतो.

खोलण्याआधी खात्री करा. इंजेक्टरच्या तांब्याच्या वॉशरमधून कॉम्प्रेशन निसटलं तरी जवळपास असाच आवाज येतो, फक्त तिथे इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज असेल तर तो भार दिल्यावर फारसा वाढत नाही, मॅनिफोल्डचा वाढतो. हातभर रबरी पाइप कानाला लावून दुसरं टोक जॉइंटवरून फिरवा, जागा लगेच सापडते. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडून जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडेच दाखवतील. हे सगळं उघड्यावर करा. बंद शेडमध्ये लीक असलेलं इंजिन चालू ठेवू नका. डिझेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला तरी असतो, आणि त्याला वास नसतो. गाडीत धुराचा वास येत असेल तर दुरुस्तीपर्यंत मुलांना मागे झोपवून लांबचा प्रवास टाळा.

आता खरं काम, म्हणजे स्टड काढणं. सगळं बिघडतं ते इथंच. आदल्या संध्याकाळी थंड इंजिनावर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नट जोर लावून एकदम फिरवायचा नाही. थोडा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं खेळवत आणायचा. हलतच नसेल तर नट गॅसनं लालसर तापवून थोडा निवू द्या, गंजाची पकड सुटते. अर्थात आधी ऑइल पुसून घ्या आणि डिझेलचे पाइप, वायरिंग बाजूला करा. स्टड तुटला आणि थोडासा जरी बाहेर उरला तरी घाबरायचं कारण नाही. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरायचं आणि निवल्यावर पान्यानं काढायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनंच निम्मं काम झालेलं असतं. हेड बिडाचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं हे आधी लोहचुंबक लावून पाहा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर वेल्डिंग त्याला चिकटत नाही, हा फायदाच, पण त्याचे आटे मऊ असतात आणि जोर लावला की स्टडबरोबर बाहेर येतात. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं. ‘इझी-आउट’ (तुटलेला स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) मात्र नवशिक्या हातात देऊ नका. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही, मग हेडच उतरवावं लागतं.

मॅनिफोल्ड हातात आला की पॅकिंग बसतं तो सपाट पृष्ठभाग, म्हणजे फेस, घासून साफ करा, त्यावर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) 0.2 मिमीचं पातं कुठे आत जातं का ते पाहा. सहज जात असेल तर मशीन शॉपमध्ये फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घ्या. सगळ्या पोर्टचा फेस एकाच वेळी, एका पातळीत निघाला पाहिजे. हातात अँगल ग्राइंडर घेऊन फेस मारणारा भेटला तर नमस्कार करून पुढे व्हा. तुमच्याकडे दोनदा पॅकिंग बदललं, पण फेस कुणी मोजला का, हे विचारलंत का?

फिटिंगला सगळे स्टड आणि नट नवे घ्या, उष्णतेला टिकणारे, मूळ मापाचे. हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत जस्त चढवलेले बोल्ट इथे नकोत. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. आट्यांना कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी खोलणारा तुम्हाला दुवा देईल. आवळायचं ते मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं). 8 मिमीच्या स्टडला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. ‘आणखी थोडा आवळ’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मॅनिफोल्डला सरकायला जागा उरली नाही तर पुन्हा स्टडच तुटतो. काही दिवस चालवल्यावर, थंड इंजिनावर, एकदा टॉर्क तपासा. एम-सील आणि सायलेन्सर पेस्ट या जागी टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. सायलेन्सरचे रबरी हँगर तुटलेत का? इंजिन माउंटिंगचं रबर खचलंय का? तसं असेल तर सायलेन्सरचं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका मागे मॅनिफोल्डवर येतो. नवे स्टडही मग फार जगत नाहीत. दोनशे रुपयांच्या रबरासाठी सगळी मजुरी वाया जाते.

मॅनिफोल्डला भेग असेल तर मात्र बदलाच. बिडाला वेल्डिंग होतं. निकेल रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश निववावं लागतं. पण वर्षानुवर्षं तापलेलं बीड आतून गेलेलं असतं, शेजारीच नवी भेग पडते. गाडीची 15 वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांचीच मिळते, त्यामुळे नव्या पार्टवर किती खर्च करायचा हा तुमचा हिशेब. जुना चालेल म्हणत असाल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. घेताना सरळ पट्टी आणि टॉर्च बरोबर न्या. पट्टी फेसवर लावा आणि टॉर्च टर्बोच्या तोंडात मारून पोर्टमधल्या भिंती बघा. बाहेरून न दिसणारी भेग बहुधा तिथेच असते.