गाडी आठ महिने गावाकडे उभी राहणार आहे, रेडिएटरमधलं पाणी काढून ठेवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची डिझेल गाडी सेलू तालुक्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडात असते, आणि दिवाळीनंतर तुम्ही आठ महिन्यांसाठी परदेशात चाललात. मे महिन्यात परतूरजवळ गाडी तापली, काटा लालपर्यंत गेला. तेव्हापासून वडील रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतायत. गावातल्या मिस्त्रींनी सांगितलंय की थर्मोस्टॅट (इंजिन कोमट असेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका आणि गाडी ठेवताना रेडिएटर रिकामा करा.

रिकामा करू नका. थर्मोस्टॅटही काढू नका. आत आहे ते बोअरचं पाणी मात्र जाण्याआधी काढाच, आणि त्याच्या जागी ताजा कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ग्लायकोलचं रंगीत द्रव, काठोकाठ भरून गाडी ठेवा.

माझं परभणीत गॅरेज आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात तापून येणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांचं मूळ बोअरच्या पाण्यातच सापडतं. आपलं भूजल जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तापल्यावर खाली बसतं आणि गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये चढतो. या नळ्या आधीच चपट्या आणि बारीक. थोडा थर चढला तरी वाट अरुंद होते, शिवाय धातूची उष्णता पाण्याला नीट मिळत नाही. मग गाडी तापते, तापली की पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते, पातळी उतरली की आपण पुन्हा बोअरचंच पाणी ओततो. प्रत्येक बाटलीबरोबर नवा क्षार आत जातो.

मिस्त्री लोक म्हणतात, "पाणीच जास्त थंड ठेवतं." यात तथ्य आहे. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकोलपेक्षा सरस आहे, म्हणूनच कुलंट निव्वळ न टाकता निम्म्याला निम्मं पाणी घालून टाकतात. पण नुसत्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं नसतात आणि ते लवकर उकळतं. परभणीत थंडी कितीही पडली तरी रेडिएटर गोठण्याइतकी पडत नाही, त्यामुळे बर्फाचा मुद्दा आपल्याला सोडून देता येतो. आपल्याला कुलंट हवा तो गंजासाठी आणि उकळबिंदूसाठी.

उकळबिंदूवरून रेडिएटरच्या टोपणाची गोष्ट सांगतो, कारण तिकडं कुणी बघतच नाही. आपल्या पठारावर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८-९९ अंशांना उकळतं. इंजिनचा फॅनच बऱ्याच गाड्यांत पंचाण्णवच्या आसपास सुरू होतो, म्हणजे हातात काही उरतच नाही. टोपण आत दाब धरून ठेवतं, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला, बार म्हणजे दाब मोजायचं एकक. १.१ बार दाबाखाली निम्मं-निम्मं मिश्रण १२५ अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा गेला. शिवाय टोपणात एक छोटी उलटी झडप असते. इंजिन थंड होताना ती बाजूच्या बाटलीतला कुलंट परत आत ओढून घेते. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा हौज पाईप, म्हणजे जाड रबरी नळी, चपटा झालेला दिसला तर समजा ती झडप अडकलीय. नवं टोपण त्याच आकड्याचं घ्या, जास्त आकड्याचं बसवून "मजबूत" करायला जाऊ नका, हौज फुटेल. आणि गरम गाडीचं टोपण कुणीही, कधीही, फडकं धरूनसुद्धा उघडायचं नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे ज्याला आमच्याकडं वॉल म्हणतात, तो इंजिन कोमट असेपर्यंत बंद राहतो आणि ८२-८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो बंदच अडकून राहिला तर गाडी तापते हे खरं, पण त्याला इलाज नवा वॉल हा आहे. काढून टाकला तर डिझेल इंजिन लांब पल्ल्यावर आणि थंडीत पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त खातं, ऑइलही लवकर खराब होतं. आणि तुमच्या रेडिएटरमध्ये क्षार असेल तर मे महिन्यात गाडी तरीही तापणारच. वॉल तपासायचा असेल तर जुन्या पातेल्यात पाण्यात बुडवून पाणी तापवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. ते पातेलं परत स्वयंपाकात घेऊ नका.

आता करायचं काय. आधी एक खात्री करून घ्या. काटा लालपर्यंत गेलेल्या गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी, शाबूत आहे ना? थंड गाडीचं टोपण काढून इंजिन चालू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला किंवा ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस दिसला, तर बाकी सगळं थांबवून हेड उचलून घ्यावं लागेल. तशी गाडी आठ महिने ठेवणं म्हणजे सिलेंडरमध्ये पाणी मुरवत ठेवणं.

हेड ठीक असेल तर धुणं सुरू करा. इंजिन पूर्ण थंड असताना खालचा हौज सोडून पाणी काढा. मग डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतात ते, भरा. केबिनमधला हीटर पूर्ण गरमवर ठेवून खालचा हौज गरम लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत हेच. हीटर मुद्दाम सांगतोय. आपल्याकडं तो कुणी वर्षानुवर्षं लावत नाही, त्यामुळे त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये गाळ बसून राहतो. एक दिवस डाव्या सीटच्या पायाखालची मॅट ओली लागते, तेव्हा लोकांना वाटतं एसीचं पाणी आहे. बोटाला चिकट लागलं आणि वास गोड आला तर तो एसी नव्हे.

थर जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियमला चालणारा रेडिएटर फ्लश मिळतो, तो वापरा. काही ठिकाणी ॲसिड किंवा कॉस्टिक टाकून "चकाचक" करून देतात. आताचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात, दोन्ही त्याला खातात. चकाचक होतो आणि महिन्याभरात गळतो. नळ्या फारच तुंबल्या असतील तर नवा रेडिएटर घेणं शेवटी स्वस्त पडतं.

भरताना एक गोष्ट चांगले मिस्त्रीही विसरतात. धुतल्यावर ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं, ते सगळं निघत नाही. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून घट्ट कुलंट, म्हणजे पाणी न मिसळलेला, आधी टाका. गाडीच्या पुस्तिकेत एकूण क्षमता ६ लिटर दिली असेल तर ३ लिटर घट्ट कुलंट आणि वर जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. "अजून चांगलं" म्हणून कुलंटचं प्रमाण वाढवू नका, ग्लायकोल सत्तर टक्क्यांच्या पुढं गेलं की उलट थंड करण्याची ताकद घटते. हिरवा की गुलाबी या रंगावर जाऊ नका, रंग कंपन्या आपल्या मनाने देतात. पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर करून, हीटर चालू ठेवून, वरचा हौज हाताने दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा राहिली की काटा उगाच नाचतो.

काढलेलं पाणी जमिनीवर ओतू नका. त्यात जुना कुलंट उरला असेल तर तो चवीला गोड लागतो आणि विषारी असतो. आखाड्यावर कुत्रं, वासरू चाटायला येणारच. कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि सर्व्हिस सेंटर घेत असेल तर जुन्या ऑइलबरोबर द्या. ओढ्यात किंवा विहिरीजवळ नको.

जाता जाता समोरची जाळीही बघा. दिवाळीनंतर कापसाच्या टेम्पोंच्या मागं फिरलेल्या गाडीच्या एसी कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढं असलेल्या एसीच्या जाळीवर, कापूस, धूळ आणि किडे यांचा गालिचा असतो, रेडिएटर त्याच्या मागं दडलेला. साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा. प्रेशर वॉशरने पत्त्या वाकतात.

रिकामं का ठेवायचं नाही, तेही सांगतो. कितीही काढलं तरी आत ओल राहते, आणि ओलीला हवा मिळाली की गंज धरतो. काठोकाठ भरलेल्या ठिकाणी हवाच नसते. वॉटर बॉडीचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, सील ओलं असलेलं बरं, कोरडं पडून राहिलं तर सुरू करताना गळू शकतं. आणि तुमच्या मागं कुणीतरी भाचा-पुतण्या "जरा चालू करून बघतो" म्हणून चावी फिरवणारच. रिकाम्या रेडिएटरवर दहा मिनिटं इंजिन चाललं तर हेड गेलंच समजा.

शेडाबद्दल तुम्ही लिहिलंय की एका बाजूला कडबा आणि ज्वारीची पोती असतात. माझ्या मते कुलंटपेक्षा ही मोठी अडचण आहे. पोत्यांना उंदीर येतात आणि रात्री इंजिनवर मुक्काम करतात. वायरिंग कुरतडतात, एअर फिल्टरमध्ये घरटं करतात. डांबराच्या गोळ्या चार दिवस काम करतात, मग उंदरांना सवय होते. विषही ठेवू नका, उंदीर एसीच्या नळीत जाऊन मेला तर तो वास वर्षभर जात नाही. गाडी धान्यापासून लांब हलवा, हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधा आणि बॉनेट उघडं ठेवा. उजेड आणि वारा उंदराला आवडत नाही. जाळी बांधल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला लावा, नाहीतर येऊन तशीच चालू कराल. कडबा लांब असावा हे आगीसाठीही बरं.

ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, खाली घाम धरून रंग आणि पत्रा खराब होतो. हवा खेळणारं कापडी कव्हर पुरे. मार्च ते मे पत्र्याचं शेड भट्टीसारखं तापतं, त्यात बॅटरी आपोआप उतरते. निगेटिव्ह वायर सोडा, त्यापेक्षा बॅटरीच काढून घरात थंड जागी ठेवा आणि वडिलांना महिन्या-दीड महिन्याने चार्ज करायला सांगा. भरलेली बॅटरी चार्जरवरून सोडल्यानंतर १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट जास्त, पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. हँडब्रेक ओढू नका, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढं-मागं दगड लावा. कुणी अधूनमधून गाडी ढकलून चाकं थोडी फिरवली तरी टायरला बरं.

"दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करा" हा सल्ला तुम्हाला सगळे देतील. ते ऐकू नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. कुणी जाणता माणूस अर्धा तास रस्त्यावर चालवून आणणार असेल तर बॅटरी लावून महिन्यातून एकदा जरूर न्यावी. नाहीतर उभीच राहू द्या. बंद शेडात तर इंजिन चालूच करू नये, धुराने माणूस गुदमरतो. विम्याची तारीख बघून ठेवा, मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

आल्यावर लगेच चावी फिरवू नका. जाळी काढा, फिल्टर उघडून बघा, ऑइल आणि कुलंटची पातळी बघा, हौज बोटाने दाबून चीर गेली आहे का पाहा. डिझेल फिल्टरखालच्या स्क्रूने साचलेलं पाणी सोडा. पहिल्याच फेरीला एकदम पुण्याचा रस्ता धरू नका. सेलूहून पाथरीपर्यंत जाऊन या, एसी लावून, नजर काट्यावर. परत येऊन गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पातळी बघा. एकदा पेलाभर कमी झाली तर ती आतली हवा निघाल्यामुळे, तेवढं मिश्रण भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी झाली तर ती गळती आहे. आधी वॉटर बॉडीच्या पोटाशी एक बारीक छिद्र असतं तिथं कुलंटचा ओघळ दिसतो का ते बघा, मग हौजच्या क्लिपा.