उजनी धरणात मित्राला मोठा मासा दिसला, पाठीवर पंख होता म्हणतो. शार्क असेल का? शार्क गोड्या पाण्यात जगू शकतो का?

उजनीत शार्क नाही. भीमा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला, आणि वाटेत प्रकाशम बॅरेज, नागार्जुनसागर, श्रीशैलम. एवढ्या भिंती ओलांडून कुठला शार्क इंदापुरात येतोय? मित्राला बहुधा पंगस (तळ्यात पाळतात तो मिशाळ मासा) दिसला असेल. अॅक्वेरियमवाले त्याची पिल्लं ‘शार्क’ म्हणूनच खपवतात. मिशा होत्या का विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘हो’. आणि हे ‘हो’ मला जरा जोरात लिहायचंय, ते आमच्या साडूंमुळे.

साडू जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतात. माझं आजोळ वैतरणेच्या खाडीवरचं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी बोलता बोलता म्हणालो की पावसाळ्यात मामाच्या जाळ्यात मुशीची, म्हणजे शार्कची, पिल्लं यायची, तीही खूप आत, जिथं मामा ओंजळभर पाणी तोंडात घेऊन ‘गोडं झालंय’ म्हणायचा तिथं. साडूंनी ताटातला हात थांबवला आणि सगळ्यांसमोर तास सुरू केला. शार्कच्या रक्तात युरिया असतो, म्हणून त्याचं रक्त समुद्रापेक्षाही किंचित दाट. गोड्या पाण्यात टाकला तर पाणी आत शिरून फुगून मरेल. ‘अकरावीचं पोरही सांगेल हे.’ सासरे हसले. बायकोही हसली.

मला ती पिल्लं अजून दिसतात. हातभर लांब, पाठीवरून उलटा हात फिरवला की पॉलिश पेपरसारखी खरखर. मामा पिल्लू उताणं करून छातीच्या दोन पंखांच्या मध्ये बोट ठेवायचा. तिथं एक चीर असायची, नाळ तुटल्याची. ती मिटलेली नसली की म्हणायचा, ‘ही इथंच जन्मली, समुद्रातून नाय आली.’ मुशी पोटातून पिल्लं देते, हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेत मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा मुशीनं लचका तोडला. बुल शार्क होता, समुद्रात आणि नदीतही वावरणारी जात. बातमी वाईट होती, पण खरं सांगतो, मी ती साडूंना पाठवली. उत्तर आलं, ‘ती खाडी आहे, नदी नव्हे.’

बरं, खाडी सोडा. मध्य अमेरिकेतलं निकाराग्वा सरोवर घ्या, अस्सल गोड्या पाण्याचं. तिथले शार्क इतके मुरलेले की १८७७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळी जातच ठरवून टाकलं. पुढं थॉर्सन नावाच्या संशोधकानं १९६० च्या दशकात त्यांना खुणेच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा पक्कं झालं की हे कॅरिबियन समुद्रातलेच बुल शार्क, सान हुआन नदीतून वर-खाली करणारे. अॅमेझॉनमध्ये हाच शार्क पेरूतल्या इकितोसपर्यंत सापडलाय, समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरहून आत. तिथं कसली खाडी?

साडूंचं युरियाचं गणित खोटं नाही, अर्धवट आहे. बुल शार्क नदीत शिरला की रक्तातला युरिया कमी करतो, मूत्रपिंडं पातळ लघवी ढीगभर बाहेर टाकतात आणि कल्ले पाण्यातलं जेमतेम मीठ ओढून घेतात. समुद्रात जादा मीठ बाहेर काढणारी गुदाशयाजवळची ग्रंथी इथं जवळजवळ रजेवर जाते. हे अकरावीच्या पुस्तकात नाही. शिकवणाऱ्यानं पुस्तकापुढं वाचू नये असा काही नियम आहे का?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ कारब्रुकच्या गोल्फ मैदानातल्या तळ्यात १९९६ च्या पुरात काही बुल शार्क अडकले आणि सतरा वर्षं तिथंच दिसत राहिले. वीण मात्र झाली नाही. म्हणून ‘जगतो’ आणि ‘संसार करतो’ यात फरक ठेवा. आपला गंगेचा शार्क नदीतला म्हणून प्रसिद्ध, आणि २०१६ मध्ये त्याची एक मादी सापडली कुठं, तर मुंबईच्या ससून डॉकवर!

हो, एक राहिलं. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या हे जमणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. मामाच्या जाळ्यातली पिल्लं बुल शार्कचीच होती असाही माझा दावा नाही. खाडीत पिल्लं घालणाऱ्या मुशी बऱ्याच आहेत. आणि निकाराग्वातही आता शार्क फारसे उरलेले नाहीत, पंखांसाठी बेसुमार मारले.

तुम्हाला कोणी असं गाठलं तर खाडी की नदी या घोळात शिरू नका, थेट इकितोस काढा. साडूंच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. पंगतीत मी त्यांच्या शेजारचाच पाट धरणार आहे.